मोकल सरांचे सत्कार

माणूस एकदा मोठा झाला की त्याचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोकच ते आणून देतात. आमच्या डिपार्टमेंटचे आम्ही चार जुने लोक अजूनही महिन्यातून एकदा अलिबागला एकाच्या घरी जमतो. पोहे होतात, चहा होतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "सरांचा तो सत्कार आठवतो का?" मग सुरू. पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. किस्से अजूनही तेच आहेत, पण आता आधी कोण हसणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

तुम्ही सरांना ओळखत नसाल तर आधी थोडं सांगते. मोकल सर आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. माणूस जसा वागतो तसा का वागतो आणि ते वागणं बदलायचं कसं, हा त्यांचा विषय. घर आगऱ्यांचं, भातशेतीवालं, रेवसच्या वाटेवरचं. त्यांची इंग्रजीत तीन जाड पुस्तकं होती. परदेशातले प्रोफेसर त्यांना पत्रं लिहायचे, सेमिनारला बोलवायचे. ती तीन पुस्तकं मी शब्दन् शब्द वाचली, कारण टाईप मीच केली होती. तेव्हा मी डिपार्टमेंटची असिस्टंट होते, लेक्चरर नंतर झाले.

पण गाजलं ते चौथं पुस्तक. छोटंसं, मराठीतलं, खास आयांसाठी लिहिलेलं. नाव ‘उठू नका’.

त्यातलं म्हणणं सोपं होतं. मूल रडलं की आपण उठतो, उचलतो, हातात काहीतरी देतो, म्हणून मूल रडायला शिकतं. उठू नका. आज जास्त रडेल, उद्या कमी रडेल, आठवड्याभरात थांबेल.

*

पहिला प्रयोग घरतच्या घरी झाला. घरत आमचा शिपाई. त्याची मुलगी रोज संध्याकाळी फुगेवाल्याच्या मागे लागून रडायची. सरांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. "तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पेपर वाच."

आठव्या दिवशी घरत डिपार्टमेंटमध्ये आला आणि दारातच उभा राहिला.

"काय रे, थांबली का?"

"थांबली ना सर. पोरगी एकदम गप. आता बायको रडते."

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ‘आई रडू लागली तर’ असा एक मजकूर मग त्यांनी पुस्तकात घातला. तोही मीच टाईप केला.

*

पुस्तक आलं आणि तालुक्यात पहिला सत्कार ठरला. मंडप, हार, शाल, श्रीफळ सगळं होतं. प्रमुख पाहुणे जरा उशिरा आले. ‘वर्तनशास्त्रज्ञ’ हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला असावा. हातातल्या चिठ्ठीकडे बघत ते म्हणाले, "मोकल सरांनी आपल्या खाडीच्या वर्तनाचा सखोल अभ्यास केला आहे. भरती कधी, ओहोटी कधी, हे आता आपल्या कोळी बांधवांना घरबसल्या कळेल."

टाळ्या पडल्या. सर उठले, शाल घेतली आणि माईकवर म्हणाले, "खाडी माझं ऐकत नाही. मुलं ऐकतात."

त्या वाक्यावर आम्ही कितीतरी वर्षं खूश होतो. आजकाल हा किस्सा सांगताना मी खाडीपाशीच थांबते. सरांचं उत्तर सांगत नाही.

*

सुगंधा डिपार्टमेंटला आली तेव्हा परीक्षेचे दिवस होते. रेवसजवळच्या कोळीवाड्यातली, सुकी मासळी विकणारी, दहावी शिकलेली. कडेवर अडीच-तीन वर्षांची मुलगी, हातात पिशवी, पिशवीत ‘उठू नका’. पुस्तक तिला तिच्या बहिणीनं दिलं होतं. बहीण न्हावा शेव्याला एका ऑफिसात कामाला होती, तिथं कुणीतरी वाचून ठेवून गेलेलं.

"पुस्तकाच्या मागं कॉलेजचं नाव होतं, म्हनून आले," ती म्हणाली. "सर हायेत ना?"

सरांना वाटलं सही हवी असेल. त्यांनी खिशातून पेनसुद्धा काढलं.

ती खुर्चीत बसली आणि सांगू लागली. आवाज शांत होता, डॉक्टरकडे आजाराची हकिगत सांगावी तसा.

"ही वर्साची पन नव्हती. दुपारची लय रडायची. कान ओढायची. सासू म्हनली, डाक्टरकडं ने. मी म्हनलं, न्हाय, नाद लागलाय तिला. पुस्तक वाचून दाखवलं सासूला. उठले न्हाय सर. पाच दिवस उठले न्हाय. सहाव्या दिवशी थांबली. एकदम थांबली. तुमी लिव्हलंय तसंच."

सरांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मंग उशीवर पू दिसला. कानात पिकलेलं, ते फुटलं म्हनून रडं थांबलं, आसं डाक्टर म्हनला. तवा थेंब घातले, पन पुन्हा पुन्हा पिकत ऱ्हायलं. मुंबईला नेली लाँचनं. एक कान पुरता गेला. दुसऱ्यानं ढोलबिल वाजला तर कळतं थोडं."

मुलगी टेबलावरची घंटी दाबत होती. टिंग, टिंग. तिला तो आवाज येत नव्हता. बटण खाली जातं आणि वर येतं, एवढ्याचीच तिला गंमत वाटत होती.

आम्हाला वाटलं, आता ही बाई ओरडेल. पुस्तक सरांच्या अंगावर फेकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक पिशवीतून काढलं, पदरानं पुसलं आणि विचारलं, "सर, याचा दुसरा भाग हाय का? ऐकू न येणाऱ्या पोरांना कसं वाढवायचं, त्याचा?"

*

त्या दिवसापासून सरांनी एकच काम धरलं, पुस्तक मागे घ्यायचं.

पुण्याला प्रकाशकांना पत्र गेलं. ते मीच टाईप केलं, म्हणून अजून आठवतं. रडण्याचं कारण न शोधता रडणं थांबवा असं सांगणं ही माझी घोडचूक आहे, पुस्तकाची विक्री ताबडतोब थांबवावी, असं त्यात होतं. प्रकाशकांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा. "सर, काळजी करू नका. आम्ही तुमची भूमिका छापतो. सुधारित आवृत्तीच काढतो ना."

सरांनी चार पानं लिहून दिली. पहिल्याच ओळीत होतं, मूल रडलं तर आधी उठा, त्याला हात लावून बघा, मग हे पुस्तक वाचा.

सुधारित आवृत्ती आली. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत ‘सुधारित’. आत सगळं जसंच्या तसं. सरांची चार पानं अगदी शेवटी, स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या जाहिरातींनंतर, बारीक टाईपात, आणि वर मथळा ‘लेखकाचे ऋणनिर्देश’.

आवृत्ती हातोहात संपली.

*

मग मोठा पुरस्कार जाहीर झाला. मुंबईत कार्यक्रम, मोठमोठी माणसं. आम्हाला वाटलं, सर नाही म्हणतील. सर म्हणाले, "जाणार. तिथं पेपरवाले असतात. तिथं सांगितलं की सगळीकडे जाईल."

रेवसहून लाँच पकडून आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो. सर वाटभर कागद वाचत होते. कार्यक्रमात त्यांनी मानपत्र स्वीकारलं, ते तसंच बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि बोलायला उभे राहिले. सगळं सांगितलं. सुगंधाचं नाव न घेता मुलीचं सांगितलं, उशीवरच्या पूबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझ्यामुळे एक मूल बहिरं झालं. आणखी किती झाली असतील मला माहीत नाही. हा पुरस्कार मला देऊ नका. हे पुस्तक वाचू नका."

मग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. मग दुसरे. मग सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मी सरांकडे बघत होते. ते हात वर करून "नको, नको, बसा," म्हणत होते, आणि ते जितकं नको म्हणत तितक्या टाळ्या वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली मथळा, ‘ज्ञानासोबत विनम्रताही’.

परतताना लाँचच्या वरच्या बाकावर सर माझ्या शेजारी बसले होते. उन्हं उतरली होती. मांडवा मागे पडल्यावर त्यांनी भाषणाचे कागद घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "कबुलीसुद्धा बक्षीस मिळण्यासारखी गोष्ट आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तोच तर माझा विषय."

*

यानंतर सरांना जे सुचलं ते आम्हा कुणालाच पटलं नव्हतं, पण अडवायचं धाडस कुणात होतं? दिसेल त्या दुकानातून ते ‘उठू नका’ विकत घ्यायला लागले. पेण, पनवेल, अलिबाग, महाड. घरत बरोबर असायचा, गठ्ठे उचलायला. सगळी पुस्तकं लॅबच्या मागच्या खोलीत जायची. सरांच्या मनात होतं, रिटायर झालो की निवांत बसून एकेक फाडायचं.

वर्षभरात प्रकाशकांचा आनंदानं फोन. "सर, तुमच्या रायगडात प्रचंड मागणी आहे. नवीन एडिशन टाकतोय."

पण खरी गोष्ट पुढेच झाली. सरांच्या निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात प्रिन्सिपॉलनी मागची खोली उघडली. सरांनी स्वतःच्या पुस्तकाच्या शेकडो प्रती साठवलेल्या बघून ते भारावून गेले. सरांना सरप्राइज द्यायचं म्हणून कुणाला काही बोलले नाहीत. समारंभात माईकवरून त्यांनी जाहीर केलं, "सरांची अबोल इच्छा आम्ही ओळखली आहे. या सर्व प्रती जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांना सरांची भेट म्हणून आज सकाळीच रवाना झाल्या."

सर स्टेजवर होते. खांद्यावर शाल होती. त्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की घरत धावत स्टेजवर गेला, त्याला वाटलं सरांना अटॅक आला. सर त्याला एवढंच म्हणाले, "गाडी कुठल्या रस्त्यानं गेली?"

*

निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, तीर्थाला जातात. सर एस.टी.नं अंगणवाड्या फिरायला लागले. पुस्तकं परत मागायला. सुट्टीच्या दिवशी कधी मी बरोबर जायचे.

कुणी परत दिलं. कुणी म्हणालं, वरून आलंय, परत कसं देणार. बऱ्याच जणींनी सही मागितली. सही करताना सर त्यांचं ते चार पानांचं म्हणणं तोंडी सांगायचे. बाया मान हलवायच्या, "व्हय सर, व्हय," म्हणायच्या आणि सहीचा फोटो काढायच्या.

तळा गावाच्या पलीकडे एका खेड्यातली अंगणवाडी मी विसरत नाही. भातकापणी चालू होती, आया शेतावर, मुलं अंगणवाडीत. सेविका उत्साही होती. "सर, तुमच्या पुस्तकानं काय फरक पडलाय बघा. आमच्याकडं आता पोरं रडतच न्हाईत."

आम्ही चटईवर बसलो. पंधरा-वीस मुलं असतील. खोली खरंच शांत होती. एक मुलगा उंबऱ्याला अडखळला आणि तोंडावर आपटला. ओठ फुटला. तो उठून बसला. त्यानं सेविकेकडे बघितलं. मग खाली बघितलं, शर्टाच्या बाहीनं रक्त पुसलं आणि परत ठोकळे लावायला लागला.

"बघितलंत?" सेविका म्हणाली.

सर गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत गेले. त्याला मांडीवर घेतलं, रुमाल ओला करून ओठाला लावला. "दुखतंय ना? रड. रडलास तरी चालेल," ते म्हणत राहिले. मुलगा अंग चोरून बसला होता. त्याला सरांचीच भीती वाटत होती.

*

व्हॉट्सॲपचा किस्सा छोटा आहे. सरांच्या पुतणीनं त्यांना एका पालकांच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. तिथं एका सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर त्यांचंच वाक्य आलं, ‘तुम्ही उठला नाहीत, तरच मूल उभं राहील.’ खाली सरांचं नाव. त्यावर हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

सरांना मराठी टाईप करायला वेळ लागायचा. अर्धा तास खपून त्यांनी लिहिलं, ‘हे चुकीचे आहे. मुलाला आधी जवळ घ्या.’

एका तरुण बाबाचं लगेच उत्तर आलं. ‘काका, आधी मूळ पुस्तक वाचा, मग बोला.’

*

एवढ्या वर्षांत सरांनी सुगंधाकडे जाणं मात्र सोडलं नव्हतं. महिन्यातून दोनदा तरी कोळीवाड्यात जायचे. मनाली, म्हणजे ती मुलगी, कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊ लागली होती, हातांनी भराभर बोलायची, चित्रं सुंदर काढायची. सरांना ती आजोबा म्हणायची. त्यासाठी हनुवटीखाली हात नेऊन दाढी ओढल्यासारखं करायची. सरांना दाढी नव्हती.

मनाली बारा वर्षांची असताना तिच्या शाळेनं गॅदरिंगला सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. नामवंत मानसशास्त्रज्ञ, जिल्ह्याचे भूषण, म्हणून. शाळेला बाकी काही माहीत नव्हतं. सर म्हणाले, "सगळीकडे बोललो, ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांच्याशीच राहिलं." मी म्हटलं, "जपून बोला, लहान मुलं आहेत." ते म्हणाले, "सोपं करून सांगतो."

हॉल छोटा होता. पुढे मुलं सतरंजीवर, मागे पालक खुर्च्यांवर. मी आणि सुगंधा शेजारी बसलो होतो. तिनं नवी साडी नेसली होती, केसांत अबोलीचा वळेसर होता. सर स्टेजवर जाऊन बसले होते. सत्कार होत होता, शाल अंगावर चढत होती. सुगंधा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, सर आज काय बोलनार?"

"का गं?"

"न्हाय, म्हनजे... पोरीला आमी सांगितलंय, तू जन्माचीच अशी. देवानं धाडलं तशी. पुस्तकाचं तिला कायपन ठाव न्हाय."

सरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, मीही नव्हतं विचारलं. मी अर्धी उठले. तेवढ्यात सर माईकपाशी येऊन उभे राहिले, शेजारी एक बाई त्यांचं बोलणं हातांनी सांगायला उभ्या राहिल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो मॅडम, दिसत नाही." मी बसले.

सरांनी खरंच सोपं करून सांगितलं. "मी एक पुस्तक लिहिलं. त्यात आयांना सांगितलं, मूल रडलं तर जाऊ नका. एक बाळ रडत होतं. त्याचा कान दुखत होता. आईनं माझं पुस्तक वाचलं होतं. आई गेली नाही. ते बाळ आता तुमच्या शाळेत आहे. चूक त्या आईची नाही, माझी आहे. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो."

एकेक वाक्य बाईंच्या हातांतून मुलांपर्यंत जात होतं. मुलं स्टेजकडे बघत होती. मग ती एकमेकांकडे बघायला लागली, कोण, कोण म्हणून. मनाली कुणाकडे बघत नव्हती. ती सरांकडे बघत होती. दर पंधरा दिवसांनी घरी येणारा हा माणूस आपला कोण लागतो, हा हिशोब ती पहिल्यांदाच मांडत असावी.

मग ती सतरंजीवरून उठली, वळली, आणि सगळ्या मुलांच्या डोक्यांवरून तिनं आईला हातांनी काहीतरी विचारलं. तीन-चारच खुणा होत्या. मला त्या कळल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीत शाळेच्या एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांचा हात तोंडावर गेला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती विचारतेय, मी रडत होते तेव्हा तू कुठं होतीस?"

सुगंधा उठून उभी राहिली. सर माईक सोडून स्टेजच्या कडेला आले होते, खाली उतरायला पायरी शोधत होते. सगळा हॉल मागे वळून बघत होता. सुगंधानं एकदा दोन्ही हात वर घेतले, खाली घेतले, पदराला पुसले. मग एक बोट उचललं आणि आपल्या पायाशी, जमिनीकडे दाखवलं.

इथंच.